काय घडले तर दावा मागे घ्याल?

गोदाकाठ (धागाकर्ता)

नाशिकच्या रामकुंडात विसर्जित केलेल्या अस्थी काही तासांत पाण्यात विरून जातात, असे आपल्याकडे पिढ्यानपिढ्या सांगितले जाते, आणि त्याला जोडूनच असेही सांगितले जाते की त्यामुळे मृताला सद्गती मिळते. कानाला हे एकच विधान वाटते, परंतु त्यात दोन निराळ्या जातींची विधाने आहेत. पहिले विधान पाणी आणि हाड यांच्याविषयी आहे. दहनानंतर उरणारे हाड मुख्यतः कॅल्शियम फॉस्फेटचे असते. ते आम्लात लवकर विरघळते, साध्या पाण्यात फारच सावकाश. एखाद्या प्राण्याच्या जाळलेल्या हाडाचे वजन केलेले तुकडे बारीक जाळीच्या पिशव्यांत घालून काही पिशव्या कुंडाच्या पाण्यात आणि काही नळाच्या पाण्यात ठेवाव्यात, ठरलेल्या तासांनी बाहेर काढून, सुकवून पुन्हा वजन करावे, म्हणजे निकाल लागतो. जाळी मात्र हवीच, कारण वाहून जाणे, गाळात रुतणे आणि विरघळणे हे तिन्ही काठावरून पाहणाऱ्याला सारखेच दिसते. दुसऱ्या विधानाचे तसे नाही. सद्गती मिळाली नसती तर जगात नेमके काय वेगळे दिसले असते, याचे उत्तर भाविकाजवळ नाही आणि टीकाकाराजवळही नाही.

सिंहस्थाच्या निमित्ताने आपल्या शहरात पाणी, ग्रहयोग, औषधी माती, सिद्धी अशा अनेक विषयांवरील विधाने मोठ्या प्रमाणावर फिरतात, आणि त्यांवरचे वाद बहुतेक वेळा विफल ठरतात, कारण एक पक्ष दुसऱ्या प्रकारच्या विधानाला पहिल्या प्रकारचे समजून पुरावा मागतो आणि दुसरा पक्ष पहिल्या प्रकारच्या विधानावर प्रश्न येताच ते श्रद्धेचे आहे असे सांगून बाजूला होतो. म्हणून ही विधाने वेगळी कशी करावीत, यावर शांतपणे चर्चा व्हावी अशी इच्छा आहे.

माझी कसोटी एका प्रश्नाची आहे: काय घडले तर तुम्ही हा दावा मागे घ्याल? तत्त्वज्ञ कार्ल पॉपर यांनी १९३४ साली प्रसिद्ध केलेल्या ग्रंथात विज्ञान आणि अविज्ञान यांच्यातील सीमारेषा याच जागी आखली. त्यांच्यासमोर १९१९च्या खग्रास सूर्यग्रहणाचे उदाहरण होते. सूर्याच्या कडेजवळून येणारा ताऱ्याचा प्रकाश सुमारे १.७५ विकलांनी (विकला म्हणजे अंशाचा ३६००वा भाग) वळेल असे आइन्स्टाइन यांचे गणित सांगत होते, आणि न्यूटनच्या नियमांवरून केलेले गणित त्याच्या निम्मे वळण देत होते. आकडा आधी जाहीर होता, मोजणी नंतर झाली, आणि सिद्धान्त फसण्याची पुरेपूर शक्यता होती. पॉपर यांना मोलाची वाटली ती ही जोखीम.

आपल्या महाराष्ट्रातील उदाहरण माझ्या मते याहून बोलके आहे. जयंत नारळीकर यांनी पुणे विद्यापीठातील संख्याशास्त्रज्ञ आणि अंधश्रद्धा निर्मूलन समितीचे कार्यकर्ते यांच्यासह फलज्योतिषाची चाचणी घेतली. हुशार मुलांच्या १०० आणि मतिमंद मुलांच्या १०० अशा एकूण २०० कुंडल्या तयार करण्यात आल्या, आणि भाग घेणाऱ्या प्रत्येक ज्योतिषाला त्यांतील ४० कुंडल्या सरमिसळ करून पाठवण्यात आल्या. कुंडली पाहून मूल कोणत्या गटातील आहे ते सांगायचे होते. ४०पैकी किमान २८ बरोबर आले तर यश मानायचे, असे आधीच ठरले होते. २७ ज्योतिषांनी उत्तरे पाठवली, त्यांतील सर्वोत्तम निकाल २४ होता, आणि सरासरी नाणेफेकीने मिळणाऱ्या २०च्याही खाली राहिली. एका ज्योतिष संस्थेने सर्व २०० कुंडल्या पाहिल्या; तिची १०२ उत्तरे बरोबर आली.

यावरून माझे म्हणणे असे आहे की तपासता येणे किंवा न येणे हा गुण विषयाला चिकटलेला नसून मांडणीला चिकटलेला असतो. फलज्योतिष तपासताच येत नाही हे म्हणणे बरोबर नाही; ‘कुंडलीवरून बौद्धिक क्षमता कळते’ हा दावा तपासता आला, तपासला गेला आणि टिकला नाही. त्यानंतर कोणी ‘ग्रह फक्त प्रवृत्ती दाखवतात, सक्ती करत नाहीत’ असे म्हणू लागला, तर त्याने तोच दावा जिथे कोणतीही मोजणी पोहोचणार नाही अशा जागी नेऊन ठेवला, असे समजावे.

पंचवटीकर

आपली मांडणी संयमाची आहे, म्हणून माझाही विचार मांडतो. आमच्या घरातील सर्वांच्या अस्थी रामकुंडातच गेल्या आहेत. वडिलांच्या वेळी मी पायरीवर उभा होतो तेव्हा हाड किती वेळात विरघळते हा विचारही मनात आला नाही. तिथे जे उच्चारले जाते ते निरोपाचे बोलणे असते, आणि निरोपाला खरे-खोटे हे मापच लागू पडत नाही. प्रत्येक वाक्य दावा म्हणून ऐकण्याची सवय लागली, तर प्रार्थना, शपथ, आशीर्वाद यांतले काहीच नीट ऐकता येणार नाही, अशी मला भीती वाटते. शिवाय ‘तपासता येत नाही’ हे शब्द बहुतेक जण ‘खोटे आहे’ याच अर्थाने वापरतात. आपल्यालाही तसेच म्हणायचे आहे का?

गोदाकाठ

नाही, आणि हे स्पष्टपणे लिहायला हवे होते असे आपल्या प्रश्नामुळे वाटते. पॉपर यांनीही तपासणीबाहेरच्या विधानांना निरर्थक ठरवले नव्हते. व्हिएन्नातील त्यांच्या काही समकालीनांशी त्यांचा मतभेद नेमका याच मुद्द्यावर होता. ‘दुर्बळाला छळू नये’ हे वाक्य प्रयोगशाळेत सिद्ध होत नाही, म्हणून मी ते सोडून देणार नाही. आपण ज्याला निरोप म्हणता तो मला पूर्णपणे मान्य आहे. माझा प्रश्न सुरू होतो तो तेच वाक्य कोणी पाण्याच्या गुणधर्माचा पुरावा म्हणून पुढे करतो तेव्हा.

काळा पाषाण

मी अनेक वर्षे भूजल सर्वेक्षणाच्या कामात होतो. आपल्या जिल्ह्यात या विषयाचा सर्वांत खर्चिक धडा पाणाड्यांच्या रूपाने मिळतो, म्हणून थोडे विस्ताराने लिहितो.

दृश्य सर्वांच्या परिचयाचे आहे. पाणाड्या तळहातावर नारळ आडवा ठेवून बांधाच्या कडेने चालू लागतो, मालक आणि दोन-चार शेजारी काही पावले मागे असतात, आणि एका ठिकाणी नारळ हळूहळू शेंडीच्या बाजूने उभा राहतो. तिथे चुन्याची फुली मारली जाते, दुसऱ्या दिवशी बोअरची गाडी येते, आणि पाणी लागले की ते श्रेय नारळाला जाते. नारळ उभा राहतो याबद्दल माझ्या मनात शंका नाही, कारण मी ते अगदी जवळून पाहिले आहे. हाताच्या नकळत होणाऱ्या हालचालीने तसे घडू शकते आणि पाणाड्या प्रामाणिकही असू शकतो. शंका आहे ती नारळ आणि पाणी यांच्या संबंधाविषयी.

आपला बहुतेक जिल्हा बेसाल्टचा, म्हणजे लाव्हाच्या थरांवर थर साचून झालेल्या खडकाचा आहे. पाणी मुरूम झालेल्या वरच्या भागात, सच्छिद्र खडकात, भेगांत आणि दोन थरांच्या सांध्यात साठते. नदीकाठच्या किंवा नाल्यालगतच्या शिवारात खोल गेले की पुष्कळ जागी थोडेफार पाणी लागतेच. त्यामुळे ‘इथे पाणी लागेल’ हे विधान तपासण्यासारखे वाटले तरी प्रत्यक्षात फारच सैल आहे. अर्धा इंच पाणी लागले तरी ते खरे ठरते, आणि चैत्रात ते आटले तर दोष पावसाला दिला जातो. ‘१८० फुटांच्या आत दोन इंच पाणी लागेल आणि त्याच वावरात वीस पावलांवर लागणार नाही’ असे म्हटले, तर त्याला दावा म्हणता येईल. पण ती वीस पावलांवरची दुसरी बोअर कोणीच घेत नाही, कारण पैसे मालकाचे जातात. त्यामुळे पाणाड्याची चूक कधी नोंदलीच जात नाही, आणि यशाच्या कहाण्या मात्र गावोगाव पोहोचतात.

दुसरी बोअर न घेताही चाचणी करता येते, हे १९९० साली जर्मनीतील कासेल येथे दाखवून देण्यात आले. जमिनीखाली सुमारे अर्धा मीटर खोल प्लास्टिकची नळी पुरली होती आणि ती कुठून जाते ते वर आखून दाखवले होते. नळीतून या क्षणी पाणी वाहते आहे की नाही, एवढेच सांगायचे होते. सुमारे ३० पाणाडी सहभागी झाले, चाचणी न्याय्य आहे हे त्यांनी आधी मान्य केले होते, आणि आपल्याला यश मिळेल अशी त्यांची खात्री होती. निकाल अंदाजाने मिळावा तेवढाच आला. मला यात सर्वांत महत्त्वाचे वाटते ते आधीचे मान्य करणे, कारण निकालानंतर अट बदलण्याची वाट त्यामुळे बंद झाली.

आकड्यांविषयी एक सावधगिरी सांगतो. २० वेळा ‘वाहते की नाही’ असे विचारले आणि कोणी निव्वळ अंदाजाने उत्तरे दिली, तरी १५ किंवा अधिक उत्तरे बरोबर येण्याची शक्यता सुमारे २ टक्के असते. म्हणजे ५० पाणाड्यांची चाचणी घेतली तर त्यांतील एखाद्याला एवढे यश केवळ योगायोगाने मिळेल, आणि बातमी त्याचीच होईल. अशा माणसाची चाचणी पुन्हा घेतल्याशिवाय निष्कर्ष काढू नये. धाग्यात उल्लेख केलेल्या २४ गुणांचेही तसेच आहे: ४०पैकी २४ किंवा अधिक बरोबर येणे प्रत्येकाच्या बाबतीत सुमारे १३ टक्के शक्य असते, त्यामुळे २७ जणांत तीन-चार जणांना तेवढे गुण नुसत्या अंदाजानेही मिळू शकले असते.

द्राक्षबाग

काळा पाषाण यांचा ‘सैल दावा’ हा मुद्दा आम्हा बागायतदारांना रोज भेटतो. माझ्यासमोर आत्ता एका टॉनिकची बाटली आहे. तिच्यावर छापले आहे: ‘पांढऱ्या मुळीची जोमदार वाढ, वेलीच्या रोगप्रतिकारशक्तीत वाढ, मण्यांना फुगवण आणि चकाकी.’ प्रमाण एकरी लिहिले आहे, पण किती वाढ, कशाच्या तुलनेत आणि किती दिवसांत, यांपैकी एकही गोष्ट लिहिलेली नाही. भुरी (वेलीवर पांढरी पूड दिसणारा बुरशीजन्य रोग) आली नाही तर टॉनिकमुळे आली नाही, आणि आली तर टॉनिक नसते तर आणखी आली असती, असे विक्रेता शांतपणे सांगतो. असे बोलणे शास्त्राच्या शब्दांत केलेले असते, म्हणून ते श्रद्धेच्या बोलण्यापेक्षा अधिक फसवे आहे, असे माझे स्पष्ट मत आहे. पाण्याचे रसायनशास्त्र काय सांगते हे रामकुंडावर कोणी मला विकत नाही.

ऑक्टोबर छाटणीनंतर मी काही ओळींना टॉनिक देऊन काही ओळी मोकळ्या ठेवणार आहे. नेमके काय मोजावे?

विद्यार्थिनी, इतिहास

मला मूळ कसोटीविषयीच शंका आहे. पाणाड्याची परीक्षा पुन्हा घेता येते, पण भूतकाळ पुन्हा घडवता येत नाही. मग इतिहासातील सगळीच विधाने तपासणीच्या बाहेर जातात का? पांडवलेणी पांडवांनी कोरली असे माझी आजी म्हणते आणि पुस्तक म्हणते की ती बौद्ध लेणी आहेत. दोघांनीही कोरताना पाहिलेले नाही.

गोदाकाठ

प्रश्न फार चांगला आहे, आणि त्याचे उत्तर आपल्याच जिल्ह्यात आहे. चाचणीसाठी घटना पुन्हा घडावी लागत नाही. दाव्यावरून जे निघते ते पुढे नवे काही सापडले तर त्याच्याशी जुळते का, एवढे पाहावे लागते.

पांडवलेणी म्हणजेच त्रिरश्मी डोंगरावरील लेणी, आणि त्यांत ब्राह्मी लिपीतील लेख आहेत. त्यांत शक राजा क्षत्रप नहपान याचा जावई उषवदात याने भिक्खुसंघाला दिलेल्या लेण्याची आणि दानांची नोंद आहे. तिसऱ्या क्रमांकाच्या लेण्यात सातवाहन राजघराण्यातील गौतमी बलश्री हिचा लेख आहे. तो तिचा नातू वासिष्ठीपुत्र पुळुमावी याच्या राज्यकाळातील असून आपला मुलगा गौतमीपुत्र सातकर्णी याने क्षहरात वंशाचा निःपात केला, असे ती त्यात सांगते. नहपान याच क्षहरात वंशाचा. आता आई मुलाची स्तुती करते आहे, तेव्हा अतिशयोक्ती असू शकते, असे म्हणायला पुष्कळ जागा होती. परंतु विधान खरे असेल तर नहपानाचा प्रदेश आणि त्याचा खजिना सातकर्णीच्या ताब्यात गेल्याच्या खुणा कुठेतरी मिळायला हव्यात, आणि खोटे असेल तर मिळायला नकोत.

हे लेख एकोणिसाव्या शतकात वाचले गेले होते. त्यानंतर १९०६ साली सिन्नर तालुक्यातील जोगलटेंभी येथे चांदीच्या नाण्यांचा साठा सापडला. त्यात नहपानाची १३ हजारांहून अधिक नाणी होती, आणि त्यांतील ९ हजारांहून अधिक नाण्यांवर गौतमीपुत्र सातकर्णीने आपले ठसे पुन्हा उमटवलेले होते. एकाच नाण्यावर नहपानाचा चेहरा आणि त्याच्यावर चढलेली सातवाहनांची चिन्हे दोन्ही दिसतात. लेख वाचणाऱ्यांना हा साठा माहीत नव्हता, आणि नाणी पुरणाऱ्याला आपण पुढच्या वादाचा निकाल देतो आहोत याची कल्पना असणे शक्य नव्हते. दोन स्वतंत्र साक्षी एकमेकींशी जुळल्या, आणि ‘उगाच केलेली स्तुती’ हा दावा मागे घ्यावा लागला. इतिहासातील चाचणी ही अशी असते, आणि ती पाणाड्याच्या चाचणीपेक्षा कमी कडक नाही.

आजीच्या वाक्याचेही दोन भाग करता येतील. लेणी कोणी आणि कोणासाठी कोरली हा भाग लेखांवरून तपासता येतो, आणि तिथे पांडवांचा उल्लेख नसून उपासकांचा आणि भिक्खूंचा आहे. आजीला तो डोंगर पांडवांचा वाटतो, तिथे गेल्यावर तिला वनवासाची आठवण होते, हा भाग तिचा आहे. त्याच्याशी माझे भांडण नाही.

संध्याकाळचा वाचक

सर्व वाचले. पण मला वाटते ‘सबब’ या गोष्टीला सगळ्यांनी जरा घाईने दोषी ठरवले आहे. अंदाज चुकल्यावर शास्त्रज्ञसुद्धा सबब सांगतात. युरेनस ग्रह गणिताप्रमाणे चालत नव्हता, तेव्हा न्यूटनचा नियम चुकला असे फारसे कोणी म्हटले नाही. पलीकडे न दिसलेला एक ग्रह असावा, अशी सबब फ्रेंच खगोलशास्त्रज्ञ ल व्हेरिए यांनी दिली. पाणाडी म्हणतो की जवळ लोखंड होते म्हणून नारळ फसला. दोन्हीत फरक काय?

गोदाकाठ

फरक पुढच्या पावलात आहे. ल व्हेरिए यांनी तो ग्रह आकाशात कुठे शोधावा हे गणिताने सांगितले, आणि सप्टेंबर १८४६मध्ये बर्लिनच्या वेधशाळेत गाले यांना तो त्या जागेपासून एका अंशाच्या आत दिसला. तो नेपच्यून. सबब स्वतः तपासणीला उभी राहिली आणि उत्तीर्ण झाली.

त्याच ल व्हेरिए यांनी बुधाच्या कक्षेतील लहानशा तफावतीसाठी १८५९ साली तशीच सबब दिली, की सूर्याच्या अधिक जवळ आणखी एक ग्रह असावा. त्याला व्हल्कन असे नावही मिळाले. अनेकांनी अनेक वर्षे शोधूनही तो सापडला नाही, आणि शतकाला ४३ विकलांची ती तफावत १९१५ साली आइन्स्टाइन यांच्या नव्या गुरुत्वसिद्धान्ताने सुटली. ही सबब अनुत्तीर्ण झाली, पण तीही तपासण्याजोगी होती, म्हणून तिला अप्रामाणिक म्हणता येणार नाही.

लोखंडाची सबब याच पद्धतीने घ्यावी. पाणाड्याला न कळता काही फेऱ्यांत जवळ लोखंड ठेवावे, काहींत ठेवू नये. लोखंड असतानाच चुका होत असतील तर सबब खरी. प्रत्येक अपयशानंतर नवी सबब आणि त्यांपैकी एकाचीही परीक्षा द्यायची तयारी नाही, असे दिसले की मग मी तो दावा तपासणीबाहेर गेला असे मानतो. एका सबबीवरून तसे मानणे अन्यायाचे होईल.

पंचवटीकर

आता एक उदाहरण माझ्याकडून. १८९६ साली हॅन्किन या ब्रिटिश वैज्ञानिकाने गंगा आणि यमुनेच्या पाण्यात पटकीचे (कॉलऱ्याचे) जंतू मरतात असे निरीक्षण प्रसिद्ध केले, आणि पाणी उकळल्यावर तो गुण नाहीसा होतो असेही नोंदवले. पुढे जंतूंना मारणाऱ्या विषाणूंचा शोध लागल्यावर या निरीक्षणाकडे नव्याने पाहिले गेले. म्हणजे जी गोष्ट सुशिक्षितांनी भाबडी म्हणून सोडून दिली असती, ती कोणीतरी तपासली. तपासण्याजोग्या यादीत नाव आले म्हणजे खोटेपणाचा शिक्का बसला, असे आपल्या बाजूच्या लोकांनीही समजू नये, एवढेच माझे सांगणे आहे.

काळा पाषाण

पंचवटीकर यांच्याशी पूर्ण सहमत. फक्त एक जोड देतो: हॅन्किन यांच्या निरीक्षणावरून गोदावरीचे आजचे पाणी पिण्याजोगे ठरत नाही. तो दावा वेगळा आहे आणि त्याची चाचणी नमुना घेऊन जवळच्या प्रयोगशाळेत होते.

द्राक्षबाग यांच्या प्रश्नाकडे वळतो, कारण छाटणी थांबणार नाही. बाटलीवरील तीन वाक्यांपैकी ‘चकाकी’ सोडून द्यावी. ती पाहणाऱ्याच्या डोळ्यावर अवलंबून असते. प्रतिकारशक्ती थेट मोजता येत नाही, म्हणून तिच्याऐवजी भुरी लागलेल्या घडांची संख्या मोजावी. फुगवणीसाठी मण्याचा व्यास, आणि त्यासोबत शुगर. कोणत्या दिवशी मोजायचे ते आजच वहीत लिहून ठेवावे, आणि किती फरक पडला तर पुढच्या वर्षी बाटली घ्यायची तेही लिहावे.

द्राक्षबाग

आभारी आहे. माझी बाग उताराची आहे. वरच्या ओळींना टॉनिक देऊन खालच्या ओळी मोकळ्या ठेवणे सोयीचे पडेल, फवारणीचा ब्लोअरही तसाच सरळ फिरतो. चालेल का?

काळा पाषाण

चालणार नाही. खालच्या अंगाला माती खोल असते आणि ओलावा अधिक राहतो, त्यामुळे फरक दिसला तरी तो टॉनिकचा की उताराचा हे कळणार नाही. उतारावर बागेचे चार-पाच पट्टे पाडा, प्रत्येक पट्ट्यात टॉनिकच्या आणि मोकळ्या अशा दोन्ही ओळी ठेवा, आणि कोणती ओळ कशाची हे चिठ्ठी टाकून ठरवा. मोकळ्या ओळींवरही तेवढेच साधे पाणी फवारा, म्हणजे ओलाव्याचा फरक राहणार नाही. आणि टॉनिकच्या ओळीतले औषध शेजारच्या ओळीवर उडते, म्हणून मध्ये एक ओळ न मोजता सोडा. घड मोजणाऱ्या माणसाला ओळींच्या चिठ्ठ्या दाखवू नका. तो घरचाच असेल तर विशेषतः दाखवू नका.